उलट्या पिळाचे खांब

पासपोर्ट त्याच्या हातात ठेवता ठेवता सुनेत्राने विचारलं, "वहिनी आणि ईश्वरी सध्या इथेच आहेत ना?" आणि शैलेंद्रने पासपोर्ट घट्ट धरला.

तसा प्रश्न साधाच होता. सुनेत्रा ठाण्याची, कंपनीच्या एचआरमध्ये कामाला, गणपतीत त्यांच्या घरी मोदक खायला येणारी. पण २००९चा जानेवारी चालू होता आणि दुबईत त्या दिवसांत साधे प्रश्न कुणी कुणाला विचारत नव्हतं. चार महिन्यांत ऑफिसातली साठ माणसं पस्तिसावर आली होती. सकाळी एखादी खुर्ची रिकामी दिसायची आणि त्या खुर्चीवरचा माणूस किती गुणी होता हे सगळे एकमेकांना हळू आवाजात सांगायचे, मयताला आल्यासारखे. त्यात कंपनीच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांचे पासपोर्ट एचआरच्या कपाटात. पासपोर्ट कपाटाबाहेर आला म्हणजे एक तर रजा, नाही तर कायमची रजा.

"का गं? असं का विचारतेस?"

"सहजच, सर. इथे साइन करा."

सहजच! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. शैलेंद्र रणदिवेच्या बाबतीत तो पाठीमागे राहिला नव्हता, मानगुटीवरच बसला होता. सही करताना त्याने आपलंच आडनाव दोनदा गिरवलं.

जायचं होतं स्पेनला, वालेन्सियाला. त्या बंदराच्या शहरात पाचशे वर्षांपूर्वीचा एक व्यापारी चौक आहे. चौक कसला, गॉथिक पद्धतीचा उंचच उंच दगडी दिवाणखाना. रेशमाचे व्यापारी तिथे सौदे करायचे. आतले खांब पिळाचे, ओलं धोतर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावं तसे. दुबईतल्या एका बिल्डरला समुद्राकाठी हुबेहूब तसलाच बाजार उभारायचा होता, आणि ते खांब फायबरग्लासचे करून देण्याचं काम शैलेंद्रच्या कंपनीकडे होतं. नकाशे शैलेंद्रचे, हात अल क्वोजच्या वर्कशॉपमधल्या हनीफचे. बारा खांब तयारही झाले होते. आता बाजार कोसळल्यावर बिल्डरला अचानक अस्सलपणाची आठवण झाली. खांब मुळाबरहुकूम आहेत असं जागेवर जाऊन तपासल्याचा रिपोर्ट त्याने मागितला होता. त्याला काम मोडायला निमित्त हवंय, हे ऑफिसच्या चहावाल्यालासुद्धा कळत होतं.

"जाऊ नकोस," त्या रात्री घरी त्याची बायको अनुराधा म्हणाली. "ताप आलाय म्हणून सांग."

"अगं, तिकीट झालंय. नॉन-रिफंडेबल."

"आणि तू तिकडे असताना यांनी व्हिसा कॅन्सल केला तर? आमचे व्हिसा तुझ्यावर. तुला एअरपोर्टवरूनच परत पाठवतील. आम्ही इथे कुणाच्या नावावर राहायचं? मार्चमध्ये हिची बोर्डाची परीक्षा आहे."

हे काही ती मनचं बोलत नव्हती. अल मनखूलच्या त्यांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ डिसेंबरात भाचीच्या लग्नाला नागपूरला गेले, ते तिकडेच राहिले. त्यांच्या बायकोने एकटीने सामान बांधलं, मुलाला अर्ध्या वर्षातून शाळेतून काढलं आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याच्यासमोर रडून घेतलं. लेक ईश्वरी दहावीला. या वेळी शाळा सोडावी लागली तर तिचं वर्ष बुडणार, एवढंच खरं होतं. बाकी सगळं शैलेंद्र सोसायला तयार होता.

"मॉम, यू आर स्ट्रेसिंग मी आउट," आतल्या खोलीतून आवाज आला. "बाबा, जस्ट गो अँड कम बॅक, ओके?"

तो गेला. नाही म्हणायची छाती नव्हती म्हणून गेला.

वालेन्सियात उतरल्यापासून तो दर तासाला खिशातला पासपोर्ट चाचपत होता. त्या व्यापारी चौकासमोरच्या हॉटेलात कॉफी घेतली ती दोन युरोंची, म्हणजे दहा दिरहम, म्हणजे एकशे तीस रुपये, असं स्वतःशीच मोठ्याने बोलला तेव्हा वेटरने त्याच्याकडे पाहिलं. बाहेरून इमारत किल्ल्यासारखी होती, कंगोऱ्यांची, तोंडं वासलेल्या दगडी श्वापदांची. बंदराच्या गावाचं पैशाचं काम इथे चालायचं, तेव्हा असा दरारा हवाच, असं त्याला वाटलं. आपल्या अरब जनरल मॅनेजरच्या, जीएमच्या, केबिनचं दारही जाडच आहे.

आत पाऊल टाकलं आणि क्षणभर तो सगळं विसरला. एवढं मोठं दालन, आणि त्यात नुसते खांब. वर जाऊन प्रत्येक खांब फांद्या फुटल्यासारखा छतात पसरलेला. फरशी झिजून गुळगुळीत झालेली. त्याने आयुष्यात नकला पुष्कळ केल्या होत्या. कुठल्या राजवाड्याच्या कमानी, कुठल्या देवळाचे कळस, सगळं फायबरग्लासमध्ये. पण मूळ वस्तू समोर उभी असण्याची त्याला सवय नव्हती. त्याने एका खांबावर तळवा टेकवला. दगड थंड होता, आणि त्याला उगाच भरून आलं.

भिंतीवर उंचावर एक ओळ चारी बाजूंनी फिरवलेली होती. माहितीपत्रकात तिचा अर्थ दिला होता. जो व्यापारी बोलण्यात फसवत नाही, शेजाऱ्याला दिलेला शब्द मोडत नाही, व्याजाने नाडत नाही, त्याला धन मिळेल आणि शेवटी सद्गतीही. शैलेंद्रने मान वर करून ती अक्षरं पाहिली आणि कामाचा माणूस असल्यामुळे त्याच्या मनात आलं ते इतकंच, की ही अक्षरं आपण ओतायची ठरवली तर साच्यासाठी उलटी काढावी लागतील.

आणि तिथेच तो थबकला.

त्याने बॅगेतून आपल्या खांबाचा मोठा फोटो काढला आणि खऱ्या खांबाशेजारी धरला. मग दुसऱ्या खांबाशेजारी धरला. मग धावतच पार शेवटच्या खांबापर्यंत गेला. सगळीकडे तेच. त्याचा पीळ ज्या बाजूला चढत होता, खरा पीळ बरोबर त्याच्या उलट्या बाजूला.

चूक कशी झाली हे त्याला तिथल्या तिथे कळलं, आणि तेच वाईट होतं. बारा वर्षं तो अरबी अक्षरांच्या जाळ्या करत आला होता. अक्षरांचा साचाच थेट कोरायचा असतो, म्हणून नकाशा उलटा द्यायचा, आरशातल्यासारखा. त्याच्या हाताला ते इतकं बसलं होतं, की खांबांचा नकाशाही त्याने उलटा करूनच दिला. पण खांबाचा साचा कोरत नाहीत. हनीफ आधी लाकडाचा अख्खा खांब घडवतो आणि त्यावरून साचा घेतो. तिथे नकाशा होता तसा सुलट जायला हवा होता. हनीफने तेव्हा विचारलंही होतं, "साहेब, हा असाच ना?" आणि शैलेंद्रने घाईत नकाशावर लिहून दिलं होतं, निळ्या शाईत, सही आणि तारखेसकट: याप्रमाणेच करावे.

बारा खांब. बिल्डरला निमित्त हवं होतं, ते त्याने स्वतःच्या हाताने ताटात वाढून ठेवलं होतं.

दालनाबाहेर संत्र्यांच्या झाडांचं छोटं अंगण आहे. तिथल्या बाकावर बसून त्याने हनीफला फोन लावला. हनीफ रत्नागिरीकडचा, साठीला टेकलेला, बावीस वर्षं दुबईत. वर्कशॉपच्या घरघरीतून त्याचा आवाज आला.

"बोला साहेब. बघितलात का आपला खांब?"

"हनीफभाई, पीळ उलटा आहे."

पलीकडे मशीन बंद झालं. "उलटा म्हंजे?"

"म्हणजे उलटा. सगळे बारा."

हनीफ म्हणाला, "आम्ही ड्रॉईंगप्रमाणंच केलाय साहेब."

इथे शैलेंद्रने म्हणायला हवं होतं, की हो, चूक माझी. ते शब्द जिभेवर आलेही होते. पण बाहेर पडलं ते भलतंच. "ते ड्रॉईंग... तुमच्याकडे आहे का अजून?"

"हाय ना. खोलीवर ठेवलाय. का?"

"नाही, सहजच."

फोन ठेवल्यावर त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा नकाशा त्याच्याच ताब्यात होता. तो दोन मिनिटांत सुधारता आला असता. निळ्या शाईचा कागद तेवढा एकच. आपण आता काय विचारलं, ते त्याला चांगलं कळत होतं.

संध्याकाळी जीएमला फोटो पाठवायचे होते. ते पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बिल्डरचा माणूस पुढच्या आठवड्यात स्वतः ताडून पाहणार होता. सायबर कॅफेत बसून शैलेंद्रने ईमेल सहा वेळा लिहिली आणि पाच वेळा पुसली. शेवटी इंग्रजीत एक वाक्य जमलं. पिळाच्या दिशेत तफावत आढळली असून वर्कशॉपच्या बाजूने तपासणी व्हावी. ऑफिसचं इंग्रजी ही मोठी सोयीची भाषा आहे. त्यात कुणी काही केलेलं नसतं, सगळं आपोआप आढळतं. वाक्यात खोटं काही नव्हतं. त्याने ते पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं, आणि पाठवून दिलं.

परतीच्या विमानात डोळ्याला डोळा लागला नाही. दुबईच्या काउंटरवर पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातल्या तरुण अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टकडे पाहिलं. शैलेंद्र त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते शोधत होता. अधिकारी जांभई देत होता, एवढंच. शिक्का पडला. "यल्ला," तो म्हणाला, पुढच्याला यायला सांगत.

म्हणजे व्हिसा शाबूत होता. मार्चला अजून सहा आठवडे होते. विमानतळाच्या बाहेर येईपर्यंत शैलेंद्रने ठरवलं, की जीएमला खरं काय ते सांगून टाकायचं. नीट, शांतपणे, संधी पाहून.

संधी कंपनीच्या ड्रायव्हरच्या रूपाने दाराशीच उभी होती. जीएम अल क्वोजला वाट पाहत होता.

वर्कशॉपमध्ये एक खांब उभा केलेला होता. त्याच्या एका बाजूला जीएम, हातात शैलेंद्रची ईमेल. दुसऱ्या बाजूला हनीफ आणि त्याची सात-आठ माणसं.

"हबीबी," जीएम शैलेंद्रला म्हणाला, "फक्त एक सांग. हू डिड धिस?"

सगळे त्याच्याकडे पाहत होते. शैलेंद्रने तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांसमोर तिसऱ्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये खोकी घेऊन उभ्या होत्या. उघडलेलं तोंड त्याने तसंच मिटलं. दोन सेकंद गेले असतील, तीन गेले असतील.

"माय मिस्टेक, सर," हनीफ म्हणाला.

शैलेंद्रने त्याच्याकडे पाहिलं. हनीफने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"यू?" जीएमने विचारलं. "तू नकाशा उलटा वाचलास?"

"येस सर. मिस्टेक."

जीएमने कागदाची घडी केली. "देन खलास," तो म्हणाला आणि गाडीकडे निघाला. शैलेंद्र त्याच्यामागून गेला. का गेला, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. पण मागे थांबून त्या माणसांच्या नजरेला नजर देणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

दुपारी सुनेत्राकडून कळलं. चुकीपायी काढलं म्हणून हनीफला बावीस वर्षांची ग्रॅच्युइटी नाही. फक्त तिकीट, रविवारचं. "त्या दिवशी मी वहिनींचं विचारलं ना," ती पुढे म्हणाली, "ते आमच्या फॅमिली इन्शुरन्सच्या फॉर्मसाठी. तुम्ही किती घाबरलात!" शैलेंद्र हसला.

अनुराधाला त्याने त्या रात्री सगळं सांगितलं. ती बराच वेळ भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, "तू बोललास तर तुला काढतील." आणि थोड्या वेळाने, "नाही बोललास तर त्याचं काय?" दोन्ही वाक्यं तिने सारख्याच आवाजात म्हटली. त्यातलं कुठलं आपल्याला ऐकायचं आहे हे तिने त्याच्यावर सोडलं, आणि त्यासाठी त्याला तिचा रागही आला.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात हनीफ, इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत गुंडाळी. अनुराधाने त्याला बसवलं, पोहे केले. ईश्वरी बाहेर येऊन "हॅलो अंकल" म्हणाली. हनीफने तिला विचारलं, "परीक्षा कधी बाळा?"

"मार्च सेकंड वीक, अंकल."

"इन्शाल्ला पहिली येशील."

ती आत गेल्यावर त्याने गुंडाळी टीपॉयवर ठेवली आणि हलकेच उलगडली. निळी शाई वर आली. याप्रमाणेच करावे. सही, तारीख.

"हा तुमच्याजवळ ठेवा," हनीफ म्हणाला. "जीएमला दाखवायला लागंल."

शैलेंद्रने कागदाला हात लावला नाही. "तुम्ही... तुम्ही तेव्हा असं का म्हणालात, हनीफभाई?"

"मग काय करणार? पोरांसमोर तुमची शोभा करू? आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेरच्या साहेबासमोर आपली माणसं एकमेकांवर बोट दाखवाया लागली की ते दोघांनाही हसतात. बावीस वर्षांत मी कधी असं केलं नाय. तुम्ही घाबरलात ते दिसलं मला. म्हटलं, आता गप करू, नंतर रणदिवेसाहेब एकटे जाऊन शांतपणे सांगतील." त्याने पोह्यांची ताटली बाजूला सरकवली. "मला नोकरी नको साहेब. जूनमध्ये साठ भरतील, लेबर कार्ड तसंही रिन्यू होणार नाय. पण बावीस वर्षांचं ते तेवढं मिळालं पाहिजे. धाकटीचं घर अर्धवट राहिलंय."

"हो," शैलेंद्र म्हणाला. "हो, बरोबर आहे."

"इंग्लिशमध्ये तुम्हीच नीट सांगाल. माझं कोण ऐकणार? उद्या दुपारचं विमान हाय. त्याआधी झालं तर बरं."

जाताना त्याने शैलेंद्रचा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे हात खरखरीत आणि गरम होते. दार लागल्यावर शैलेंद्र तो कागद घेऊन बाल्कनीत गेला आणि खालच्या रस्त्यावर हनीफ बसस्टॉपकडे चालत जाताना पाहत राहिला. त्याला त्या क्षणी त्या म्हाताऱ्याबद्दल माया वाटत होती, कीव वाटत होती, स्वतःची लाज वाटत होती. आणि या सगळ्याच्या तळाशी, कितीही दाबलं तरी वर येणारी एक गोष्ट होती. आता कागद आपल्याकडे आहे.

रविवारी, म्हणजे दुबईतल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, आठ वाजता तो गुंडाळी घेऊन ऑफिसात पोचला. नऊपर्यंत जागेवर बसून राहिला. नऊला उठला, पाणी प्यायला, परत बसला. दहाला जीएमच्या दाराशी गेला.

"आत आहेत, जा ना," सुनेत्रा म्हणाली.

तो आत गेला. जीएमने मान वर केली. "येस, हबीबी?"

शैलेंद्रने गुंडाळी अंगाशी घट्ट धरली होती. टेबलावर एक यादी पडली होती, नावांची, आणि काही नावांपुढे पेन्सिलीने फुल्या होत्या. उलट्या बाजूने त्याला वाचता येईना, आणि वाचल्याशिवाय राहवेना.

"रिपोर्ट," तो म्हणाला. "रिपोर्ट मी आज संध्याकाळपर्यंत देतो, सर."

"गुड."

"वर्कशॉपबद्दल..."

"वर्कशॉप इज फिनिश्ड, शैलेंद्र. आपण नव्या माणसाकडून करून घेऊ. तू आहेसच बघायला." जीएमने यादीवर हात ठेवला. "अजून काही?"

तू आहेसच. एवढे दोनच शब्द. माणूस तहानेने मरायला टेकलेला असावा आणि कुणी त्याच्या तोंडाला पाणी लावावं, तसे ते शब्द त्याने गिळले.

"नो, सर. थँक यू, सर."

बाहेर येऊन तो जिन्यात उभा राहिला. दुपारी पुन्हा जाऊ, त्याने स्वतःला सांगितलं. जेवणानंतर त्याचा मूड बरा असतो. परीक्षा झाल्यावर तर नक्कीच. कागद कुठे पळून जात नाही. मार्चअखेर दाखवला तरी पैसे भारतात पाठवता येतात. असं एकेक तो रचत गेला, आणि रचताना त्याला ते खरंही वाटत गेलं.

बाराच्या सुमाराला मोबाइल वाजला. मागे विमानतळावरची घोषणा ऐकू येत होती.

"साहेब, आत चाललो. म्हटलं विचारावं. बोललात का?"

गुंडाळी त्याच्या काखेत होती. ती जिन्याच्या कठड्याला घासून कागद वाजला आणि तो दचकला.

"बोललो," शैलेंद्र म्हणाला.

"दाखवलात?"

"दाखवला."

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले. वेळ लागेल थोडा, पण... करतील."

पलीकडे हनीफने श्वास सोडला तो शैलेंद्रला स्पष्ट ऐकू आला. मग तो हसला, मोकळं, पोरासारखं.

"वाटलंच होतं मला," हनीफ म्हणाला. "आमच्या खोलीतले सगळे म्हणत होते, कागद देऊ नको, तो माणूस बोलणार नाय. मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत? मी त्याच्याबरोबर बारा वर्षं काम केलंय."

"हो," शैलेंद्र म्हणाला.

"तुम्हीच सांगा आता त्यांना कधीतरी," हनीफ म्हणाला, आणि त्याचं विमान पुकारलं म्हणून त्याने घाईने फोन ठेवला.